परत आलेलं येसर

धंदा करायचा असं आमच्या घरात कुणी ठरवलं नव्हतं. तो माझ्या ऑफिसच्या डब्यातून सुरू झाला.

हैदराबादेत, माधापूरच्या एका कंपनीत मी विम्याचे दावे तपासते. दवाखान्यांची बिलं, रक्ताचे रिपोर्ट, डॉक्टरांचे शेरे स्क्रीनवर येतात. ते बघायचे आणि दावा पास करायचा, नाहीतर अडवायचा. शेजारच्या खुर्चीवर जुन्या शहरातली एक बाई बसते. वयानं मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणते. एका दुपारी तिनं माझ्या डब्यातली आमटी चाखली आणि घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"ये क्या डाले जी इसमें?"

"येसर," मी म्हणाले. पण येसर म्हणजे काय, ते मला धड सांगता येईना. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, तीळ, खोबरं, मिरच्या, दगडफूल हे सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. मग आमटीत ते पीठ सोडायचं, की साध्या पाण्याला अंग येतं. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला ही आमटी असतेच. आमच्या घरी ते सासूबाई करतात. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

दुसऱ्या दिवशी आपासाठी एक पुडी नेली. तिच्या नणंदेला हवं झालं, मग आमच्याच मजल्यावरच्या एका तेलुगू मुलीच्या आईला. हळूहळू आमच्या मलकपेठच्या घरात दर शनिवारी मोठी कढई चढायला लागली. आत्याबाई भाजायच्या, मी गिरणीत जाऊन दळून आणायची, नवरा पाकिटं बंद करायचा. तो एका लॅबमध्ये नोकरीला आहे, हात नेटका आहे त्याचा. परवाना आत्याबाईंच्या नावानं काढला. ऑफिसच्या नियमांत दुसरी नोकरी चालत नाही, आणि सासूच्या धंद्यात हातभार लावणं चालतं की नाही हे विचारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून ऑफिसात मी ते 'घरचं थोडंफार' असंच म्हणायची.

सकाळी कामाला निघताना खांद्याला दोन पिशव्या, एक ऑफिसची आणि एक येसराची. मेट्रोत माझ्या आसपासचे लोक नाक वर करून वास घ्यायचे. मला त्याची लाज वाटायची नाही. उलट छाती फुगायची.

धंदा खरा वाढला तो नारायणगुड्याच्या बाईंमुळे.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. शहरातल्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं मराठी शिकवलं होतं. मुलं परदेशी, यजमान गेलेले. नारायणगुड्यातल्या मराठी बायकांचं एक मंडळ त्या चालवायच्या आणि त्या मंडळाचा फोनवरचा ग्रुपही. कुणीतरी त्यांना आमचं पाकीट दिलं. त्यांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बोलले.

"अगं, ही चव मी माझ्या आजोळी सोडून आले होते. तू कोण आहेस? मला भेटायला ये."

मी गेले. येसराबरोबर आम्ही बरण्यांत चटणीही देऊ लागलो होतो, तिच्यावरचं लेबल त्यांनी समोर धरलं आणि हसत हसत लाल पेनानं दुरुस्त केलं. 'शेंगदान्याची चटणी' असं छापलं होतं आम्ही. "ण, बाळ. दाण्यातला ण." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मराठी, दारात तेलुगू, गल्लीत दखनी. मराठी वाचायला लागले की माझी गाडी अडखळते. बाईंनी ते ओळखलं. त्यानंतर मी माल द्यायला गेले की त्या मला समोर बसवून पेपरातलं एक पान मोठ्यानं वाचायला लावायच्या. चुकलं की मांडीवर हलकी चापट. माझी आई लवकर गेली. त्या चापटीचं मला काय वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाईंनी ग्रुपमध्ये लिहिलं आणि ऑर्डरी सुरू झाल्या. दिवाळीच्या फराळाबरोबर प्रत्येक घरी आमचं येसर आणि चटणी द्यायची, असं मंडळानं ठरवलं. गौलीगुड्याच्या बाजारातून मिरच्यांची पोती येऊन पडली. नवऱ्यानं एकदा जेवताना म्हटलंही, "असंच चाललं तर तू नोकरी सोडशील." मी हसले, पण रात्रभर तोच विचार करत होते.

आत्याबाईंचा फक्त एक हट्ट होता. माल आपण नेऊन द्यायचा. गिऱ्हाईक घरी बोलवायचं नाही.

"कशाला वर चढवतीस माणसं? जिना अरुंद हाय," त्या म्हणायच्या.

मला वाटायचं, घर लहान आहे, पसारा असतो, म्हणून त्या संकोचतात.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना बाई म्हणाल्या, येसर कसं भाजतात ते मला बघायचंय, फोनवर चित्रण करून ग्रुपवर टाकू. तुझ्या सासूबाईंना सगळ्यांनी पाहायला हवं. मी आनंदानं हो म्हणाले आणि घरी येऊन सांगितलं.

आत्याबाई लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पण मी भितीवरचं काही काढणार न्हाई."

"काढायला कोण सांगतंय?" मी म्हणाले.

आता हे लिहिताना कळतं की त्यांनी तेव्हा मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, आणि मला ते ऐकूच आलं नाही.

आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्या शेजारी निळ्या सुटातली घटनाकारांची. माझ्या माहेरीही तशाच होत्या. मी त्या दोन तसबिरींखाली वाढले, त्यांच्याखालीच माझं लग्न लागलं. आमचं आडनाव असं की मराठवाड्यात ते गावच्या पाटलांचंही असतं आणि आमचंही. हैदराबादेत मला कुणी त्यापुढचं विचारलंच नव्हतं. इथे तेलुगू लोक म्हणायचे, "मराठी वाळ्ळा?" मराठी का तुम्ही? दखनी बोलणारे म्हणायचे, "मरहट्टे हैं क्या?" आणि विषय संपायचा. मला काही ठाऊक नव्हतं असं नाही. कॉलेजच्या यादीत माझ्या नावापुढे प्रवर्गाचा कंस होता. वडील गावाकडच्या गोष्टी सांगायचे, पाणवठ्याच्या, पंगतीच्या. पण त्या मी गोष्टी म्हणून ऐकल्या. परक्या शहरात मूठभर मराठी माणसं, ती एकमेकांना धरून राहणार, असं मी मनापासून धरून चालले होते.

रविवारी सकाळी बाई आल्या. बरोबर मंडळातल्या एक वहिनी होत्या, परभणीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांच्या यजमानांचं नारायणगुड्यात टाइल्सचं दुकान आहे. बाई जिना चढतानाच बोलत होत्या. "काय घमघमाट सुटलाय गं! खाली रस्त्यापर्यंत येतोय."

आत्याबाई पुढच्या खोलीतच शेगडी मांडून बसल्या होत्या, कारण स्वयंपाकघरात मोठी कढई मावत नाही. त्यांनी पदर सावरून नमस्कार केला आणि कढईतली गरम ज्वारी चिमटीनं उचलून दोघींच्या तळहातावर ठेवली. "बघा, असा रंग आला की उतरवायची. चावून बघा."

वहिनींनी तोंडात टाकली. बाई दिवाणावर बसल्या, पर्समधून फोन काढला, आणि समोर बघितलं.

त्या एक वाक्य बोलत होत्या. आजोळच्या जात्याविषयी काहीतरी. ते वाक्य अर्ध्यावर थांबलं. मी वाट बघत राहिले की त्या पुढे बोलतील. त्यांनी तसबिरींकडून नजर काढली, कढईकडे नेली, मग आत्याबाईंच्या हातांकडे. फोन हळूच परत पर्समध्ये गेला. ज्वारीची मूठ मात्र मिटलेलीच राहिली.

"तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं.

"नांदेडच्या खाली, गोदेच्या काठाला. गावाच्या खालच्या अंगाला घर होतं आमचं," आत्याबाई म्हणाल्या. उलथनं फिरवणं त्यांनी थांबवलं नव्हतं. "जे विचारायचं ते विचारा की बाई."

"छे छे, तसं काही नाही. आम्ही असलं काही मानत नाही."

मी पाणी आणलं. "राहू दे गं, आत्ताच घेतलंय," बाई म्हणाल्या. वहिनींचा हात पेल्याकडे निघाला होता, तो मांडीवर परत गेला. मग त्यांना आठवलं की कुणालातरी भेटायला जायचं आहे. चित्रण पुन्हा कधीतरी करू. दारात बाईंनी माझ्याकडे बघितलं, पण माझ्या गालावर नेहमीसारखा हात ठेवला नाही.

मी त्यांना सोडायला खाली जाऊ लागले तर म्हणाल्या, "तू थांब. काम आहे तुला." त्या गेल्यावर थोड्या वेळानं मी पिशवी घेऊन गिरणीकडे निघाले. जिन्याच्या वळणावर पायाखाली काहीतरी कुरकुरलं. भाजलेली ज्वारी पडली होती. चिमूटभर, एकाच जागी.

मी वाकून ती गोळा केली. का केली ते सांगता येत नाही. कुणाचा पाय पडू नये म्हणून असेल.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निरोप आला. यंदा फराळ आपण सगळ्या घरीच करू, त्यातच खरा आनंद. खाली हात जोडल्याची चित्रं. मग एकेकीचे मला वेगळे निरोप. कुणाला डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं, कुणी गावाला चालली होती, कुणाच्या जावेनं पुण्याहून येसर पाठवलं होतं. सगळ्या गोड शब्दांत. एकीनंही वाकडा शब्द लिहिला नाही. मी फोन हातात घेऊन पोत्यांच्या मध्ये बसले होते आणि नवरा म्हणत होता, "अगं, काय झालं? कुणी गेलं का?"

त्याला सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "मला त्यांचं काही वाटलं न्हाई. तुला एवढा धक्का बसला, त्याचंच मला नवल वाटायलंय."

तरी मी सोमवारी नारायणगुड्याला गेले. बाईंनी आधीच मागवलेली चटणी द्यायची होती. आणि खरं सांगायचं तर मला वाटत होतं, त्या दार उघडतील आणि म्हणतील, वेडी आहेस का, भलतंच काय मनात आणलंस.

त्यांच्या इमारतीच्या वॉचमननं मला लिफ्टपाशी अडवलं. नेहमी हसणारा माणूस, त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हता. "पैकि वेळ्ळोद्दन्नारु, मेडम." वर जाऊ नका म्हणाल्या. त्यानं खुर्चीखालून एक कापडी पिशवी काढून मला दिली.

आत आमच्या बरण्या होत्या. बाईंच्या एकटीच्या नाहीत, बऱ्याच जणींच्या. कुणाची अर्धी, कुणाची तळाशी आलेली. एकीत चमचा तसाच होता. बाईंच्या बरणीवर त्यांनीच दुरुस्त करून दिलेलं लेबल होतं, दाण्यातल्या ण सकट. महिनोन्महिने त्यांनी ते खाल्लं होतं, पाहुण्यांना वाढलं होतं, फोन करून करून वाखाणलं होतं. ते त्यांच्या अंगात गेलेलं होतं. आणि आता उरलेलं त्यांनी गोळा करून वॉचमनच्या खुर्चीखाली ठेवलं होतं.

मी मेट्रो स्टेशनवर बसून राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. मी दाव्यांचं काम करते. रोज लोकांच्या आजारांची, अपघातांची कागदपत्रं बघते, आणि मला वाटायचं की आपण आता कशानंच हलत नाही. त्या दिवशी मला उठताच येईना.

ऑफिसात उशिरा पोचले. आपानं पिशवी बघितली. मी तिला सगळं सांगितलं, दबक्या आवाजात, स्क्रीनकडे तोंड करून. तिनं एक बरणी उघडून आत बघितलं.

"आधा खाको वापस करे?" ती म्हणाली. "क्या लोगां हैं जी! पेट में गया सो कैसा वापस करेंगे?"

ती मोठ्यानं बोलली आणि मला तिची भीती वाटली. कुणी ऐकेल म्हणून. चूक त्यांनी केली होती आणि आवाज मी दाबत होते.

हे इथेच संपलं असतं तर मी कदाचित विसरायचा प्रयत्न केला असता. पण दिवाळी झाल्यावर आमच्या मॅनेजर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या वरंगलकडच्या, बोलायला कडक. "कूर्चो अम्मा," म्हणाल्या. बस. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. कुणीतरी कंपनीला मेल पाठवला होता. तुमची अमुक कर्मचारी ऑफिसच्या वेळेत खाद्यपदार्थांचा धंदा करते, लोकांच्या दाव्यांचं काम बाजूला ठेवते. खाली नाव नव्हतं. पण माझं पूर्ण नाव बरोबर होतं, आणि माझा विभागही.

येसर नको, हे मी कसंबसं गिळलं होतं. पण हे कुणाला सुचलं? माझा पगार जावा असं कुणाला वाटलं? मी त्या ग्रुपमधला एकेक चेहरा मनात फिरवला आणि एकही बसेना. आजतागायत मला ते कळलेलं नाही. कळू नये असंच आता वाटतं.

"ऑफिसच्या वेळेत केलंस?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. परवाना सासूच्या नावावर आहे. मी सुट्टीच्या दिवशी मदत करते."

"मग हे कोण लिहितं? आणि का?"

मी ठरवलं होतं की सांगायचं नाही. पण तोंडातून सगळं बाहेर पडलं, तसबिरी, ज्वारी, बरण्या. मॅडम पेन फिरवत ऐकत होत्या. मग त्यांनी पेन ठेवलं. त्यांच्या गावातही हॉटेलात वेगळे पेले असायचे, म्हणाल्या, त्यांनी लहानपणी बघितलेत. कुणाच्या बाजूनं बघितले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"तुझी नोकरी जात नाही. मी उत्तर देते," त्या म्हणाल्या. "पण हे कारण फ्लोअरवर कुणाला सांगू नकोस. उगीच विषय होईल."

मी आभार मानून बाहेर आले. खुर्चीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की नोकरी वाचली आणि तोंड मात्र बंद करून आले.

थंडीत वहिनींचा फोन आला. बाईंबरोबर घरी आलेल्या, त्याच.

"ताई, येसर संपलं हो. आमच्या ह्यांना दुसरं चालत नाही. पण घरी नका आणू. तुम्ही अमीरपेटला मेट्रो बदलता ना? तिथे येते मी." मग जरा थांबून, "आणि ते लेबल नका लावू. साध्या पिशवीत द्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला बरं वाटलं! त्यांना अजून हवंय, म्हणून बरं वाटलं. मी साध्या पिशवीत येसर भरलं, अमीरपेटच्या गर्दीत, जिथे खालच्या गाडीची माणसं वरच्या गाडीकडे धावतात तिथे, खांबाला टेकून उभी राहिले आणि वहिनींच्या हातात पिशवी दिली. त्यांनी ती पटकन पर्समध्ये कोंबली. "बाईंना बोलू नका हं," म्हणाल्या आणि गर्दीत गेल्या.

मग दुसरीचा फोन. मग तिसरीचा. तिखट बंद झालेलीचा, पुण्याहून मागवणारीचा. प्रत्येकीचं तेच. साधी पिशवी, अमीरपेट, आणि कुणाला बोलू नका. मंडळातल्या निम्म्याअधिक बायका पुन्हा आमचं येसर खायला लागल्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच खातो. मी घरी काही बोलले नाही. आत्याबाई भाजत होत्या, मी नेत होते. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

एका संध्याकाळी माझं चुकलं. दोघींना एकच वेळ दिली गेली. मी खांबापाशी उभी होते. एकीकडून तिखट बंद झालेल्या आल्या, दुसरीकडून पुण्याच्या जावेवाल्या. मला बघून दोघी माझ्याकडे निघाल्या आणि मग त्यांनी एकमेकींना बघितलं.

"अय्या, तुम्ही इकडे कुठे?"

"मी? मी दाताच्या डॉक्टरकडे आले होते. तुम्ही?"

"मी आपली भाचीकडे चालले."

माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून त्या दातांबद्दल आणि भाचीबद्दल बोलत राहिल्या. माझ्याकडे दोघींनी एकदाही बघितलं नाही. माझ्या दोन्ही हातांत त्यांच्या पिशव्या होत्या. वास येत होता, लपण्यासारखा तो वासच नाही. आणि त्या दोघी जणू तिथे खांबच आहे, माणूस नाही, अशा बोलत होत्या.

तेव्हा मला खरा धक्का बसला, त्या रविवारपेक्षा मोठा. तेव्हा त्यांनी मला नाकारलं होतं. इथे मी स्वतः रोज येऊन उभी राहत होते, मला कुणी बघू नये म्हणून त्यांना मदत करत होते.

मी दोन्ही पिशव्या माझ्या ऑफिसच्या बॅगेत टाकल्या आणि आलेल्या गाडीत चढले. काचेतून दिसलं, दोघींचं बोलणं थांबलं होतं.

घरी येऊन मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. दात, भाची, खांब. त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मीही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"गावात आमच्या हातचं कुणी चोरूनही खाल्लं न्हाई," त्या म्हणाल्या. "आणि खाल्लं असतं तरी आम्हाला न्हाई म्हणता आलं नसतं. मजुरी त्यांच्याच रानात होती. तुला काय अडलंय? तुझा पगार येतोय न्हवं?"

त्या घमघमाटात, ऑर्डरींच्या दिवसांत, मला नोकरी म्हणजे पायातली बेडी वाटायला लागली होती. कधी सोडते असं झालं होतं. त्या क्षणी कळलं की 'नाही' म्हणायची ताकद माझ्यात कुठून येते. दवाखान्यांची ती कंटाळवाणी बिलं मला नाही म्हणू देत होती.

पुढच्या रविवारी नवऱ्यानं आत्याबाईंचा फोटो काढला. कढईपुढे बसलेल्या, हातात उलथनं, मागे भिंत, भिंतीवर दोन्ही तसबिरी. तेच आमचं नवं लेबल झालं. मंडळाच्या ग्रुपमधून मला कुणी काढलेलं नव्हतं. मी तो फोटो तिथे टाकला आणि खाली लिहिलं, "येसर तयार आहे. पाकिटावर हेच लेबल असेल. ज्यांना हवं त्यांनी मलकपेठला घरी यावं." माझं मराठी मी दोनदा तपासलं.

सगळ्यांनी बघितलं. खुणा निळ्या होत गेल्या. कुणी काही लिहिलं नाही. हात जोडलेले नाहीत, फुलं नाहीत. थोड्या वेळानं ग्रुपवर एक ओळ आली: आता फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. मला काढलं नाही. बोलायची सोयच बंद केली, माझ्याबरोबर सगळ्यांचीच.

धंदा बसला. मिरच्यांचं एक पोतं आम्ही गल्लीतल्या दुकानदाराला देऊन टाकलं. अमीरपेटवाल्यांपैकी फक्त वहिनी आल्या, एकट्या, संक्रांतीच्या सुमारास. जिना चढून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला आत यायला लाज वाटतीय." आत्याबाई म्हणाल्या, "मग दारात उभं राहून काय व्हायलंय? या." त्या आल्या, बसल्या, फार बोलल्या नाहीत. नवं लेबल लावलेलं पाकीट त्यांनी हातातच धरून नेलं. अजून त्या येतात. मंडळातही जातात. दोन्हीकडे काय सांगतात, ते मी विचारत नाही.

बाकी गिऱ्हाईक दुसरीकडून आलं. आपाच्या नात्यातलं, ऑफिसातलं, मलकपेठमधल्या आमच्यासारख्याच घरांतलं. आता महिन्यातून दोनच शनिवार कढई चढते. नोकरी सोडायचं नाव मी पुन्हा काढलेलं नाही.

बाई मला एकदाच भेटल्या, अलीकडेच, गौलीगुड्याच्या बाजारात. मी मिरच्या निवडत होते. खांद्यावर हात पडला. वळले तर बाई. मला वाटलं, आता त्या गडबडतील, तोंड फिरवतील. पण त्यांनी माझा गाल धरला. पूर्वीसारखाच.

"किती वाळलीस गं! जेवतेस ना नीट? ऑफिसचा त्रास फार आहे का?"

त्यांच्या डोळ्यांत खरंच काळजी होती. मी ती ओळखते, खोटी नव्हती. त्या माझ्याशी बोलत राहिल्या, मुलाकडे जाऊन आल्या त्याबद्दल, गुडघ्यांबद्दल. जणू मध्ये काही घडलंच नाही. त्यांच्या लेखी घडलं नसावंच. मग रिक्षा आली, "ये कधीतरी" म्हणाल्या आणि बसून गेल्या. गालावर त्यांचा हात जिथे होता, तिथे मी माझा हात ठेवला.

घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तू काय म्हणलीस?"

"काहीच नाही. मला सुचलंच नाही."

"बरं," म्हणून त्या उठल्या. मिरच्या ओलसर लागल्या होत्या, ऊन अजून होतं. आम्ही दोघींनी पोतं गच्चीवर नेलं आणि साडी पसरून त्या वाळत घातल्या.